अमेरिकेत एमएसची फी कॅम्पस जॉबमधून निघत नाही

दोन आठवडे झाले, सोसायटीच्या ग्रुपवर, मामांच्या ग्रुपवर, जुन्या कॉलेजच्या ग्रुपवर एकच मेसेज फिरतोय की अमेरिकेत एमएसला जाताना फक्त पहिल्या सेमिस्टरची फी न्या, पुढचं सगळं तिथंच काम करून निघतं, प्रोफेसर असिस्टंटशिप (शिकवण्यात किंवा संशोधनात मदत करायचं पगारी काम) देतात, नाहीतर पेट्रोल पंपावर कॅशमध्ये काम मिळतं, आणि शिक्षण झालं की ३ वर्षं नोकरी पक्की. परवा मावशीने विचारलं, "मग लोन कमीच घेऊया ना रे?" तेव्हा म्हटलं आता लिहायलाच पाहिजे.

"पुढचं सगळं काम करून निघतं." नाही निघत हो. एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसावर सेमिस्टर चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला जास्तीत जास्त २० तास काम करता येतं, सुट्टीत फुल टाइम. तासाला १५ डॉलर धरा (कितीतरी ठिकाणी त्याहून कमी मिळतात, तिथल्या केंद्र सरकारचं किमान वेतन २००९ पासून ७.२५ वरच अडकलंय), म्हणजे आठवड्याचे ३००, महिन्याचे साधारण १२००. चौघांत फ्लॅट घेतला तर भाडं, किराणा, फोन एवढं भागतं, फीला हात लागत नाही. आणि पूर्ण २० तास लगेच मिळतातच असंही नाही, मला पहिल्या सेमिस्टरला ८ च मिळाले होते. डायनिंग हॉलच्या डिशरूममध्ये होतो मी, पट्ट्यावरून ट्रे येतच राहतात, उष्टं खरवडायचं, प्लेटा रॅकमध्ये लावून मशीनमध्ये ढकलायच्या, वाफेने चष्म्यातून काही दिसायचं नाही आणि रात्री १० ला रूमवर येऊन असाइनमेंट उघडायची. कामाची लाज कधीच वाटली नाही, पण त्या पैशांवर फी भरायचा प्लॅन करून कोणी येऊ नये असं मनापासून वाटतं.

"प्रोफेसर असिस्टंटशिप देतात." देतात, आणि मिळाली तर सोनं, बऱ्याचदा फी माफ होते, वर स्टायपेंड. पण त्या जागा आधी पीएचडीवाल्यांना जातात, त्यांना बहुतेक वेळा ॲडमिशनच्या पत्रातच फंडिंग लिहून येतं. एमएसवाल्याच्या वाट्याला जास्त करून तासावारी ग्रेडरचं, म्हणजे पेपर-असाइनमेंट तपासायचं काम येतं, त्यात फी सहसा माफ होत नाही. मी ४० प्रोफेसरांना मेल केले, ३ उत्तरं आली, तिन्ही नकाराची.

आता कॅशचं काम, याचाच मला सगळ्यात राग आहे. "सगळे करतात" म्हणून हे जे पसरवतात ना, ते पोरांचं आयुष्य पणाला लावतायत. परवानगीशिवाय कॅम्पसबाहेर काम केलं की स्टेटस, म्हणजे विद्यार्थी म्हणून तिथं राहायचा कायदेशीर हक्क, मोडतं. बाकी काही चुकांसाठी स्टेटस परत मिळवायचा अर्ज तरी करता येतो, पण अर्जदाराने बेकायदा काम केलेलं नसावं ही त्यातली अटच आहे. माझ्या रूममेटचे एका दुकानदाराने ३ आठवड्यांचे पैसे बुडवले, तो कुठे तक्रार करायलाही गेला नाही, कारण तक्रार केली की आपलंच बाहेर येईल ही भीती.

खरा आधार होतो तो सीपीटीचा, म्हणजे अभ्यासाशी संबंधित इंटर्नशिप, बहुतेकांना एक शैक्षणिक वर्ष झाल्यावरच मिळते. समरमधली चांगल्या पगाराची एक इंटर्नशिप डिशरूमच्या अख्ख्या वर्षापेक्षा जास्त देऊन जाते. फक्त फुल टाइम सीपीटी १२ महिने किंवा जास्त झाली तर त्याच डिग्रीवरची ओपीटी (शिक्षणानंतर आपल्या विषयात काम करायची परवानगी) जाते, त्यामुळे डीएसओला (परदेशी विद्यार्थ्यांचं बघणारा कॉलेजचा अधिकारी) विचारल्याशिवाय पाऊल टाकू नका.

"३ वर्षं नोकरी पक्की" हेही अर्धवट. ओपीटी १२ महिन्यांची, स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित) विषय असेल तर आणखी २४ महिने, आणि त्या २४ साठी कंपनी ई-व्हेरिफायमध्ये (कामाची परवानगी तपासायची तिथली सरकारी यंत्रणा) असावी लागते. मिळते ती काम करायची परवानगी, नोकरी तुम्हीच शोधायची, आणि पहिल्या १२ महिन्यांत एकूण ९० दिवसांहून जास्त बेकार राहिलात तर स्टेटस जातं. मार्केट थंड असताना हे ९० दिवस कसे संपतात ते ज्याने मोजलेत त्यालाच विचारा.

काल रात्री मावशीच्या मुलासोबत बसून हिशेब नव्याने केला, त्यात कॅम्पस जॉबच्या रकान्यात शून्य लिहिलं. मिळालाच तर किराण्यात जाईल.