मॉट्स-सीचं इंजेक्शन व्यायामाची जागा घेत नाही

साताऱ्यातल्या रनिंग ग्रुपांपासून सांगलीच्या तालमींपर्यंत सध्या एक मेसेज फिरतोय. गोषवारा असा: 'मॉट्स-सी हे आपल्याच मायटोकॉन्ड्रियात (पेशीतल्या वीजघरात) तयार होणारं पेप्टाइड (अमिनो आम्लांची छोटी साखळी) आहे. वयानुसार ते घटतं. आठवड्याला ५ मिलिग्रॅम टोचलं की व्यायामाचा फायदा मिळतो, शुगरच्या गोळ्या सुटतात, वय मागे जातं. नैसर्गिक आहे, अपाय नाही.' यातलं पहिलं वाक्य खरं आहे, आणि त्याच्याच जोरावर बाकीची खपतात.

मायटोकॉन्ड्रियाचा स्वतःचा डीएनए असतो, १६,५६९ अक्षरांचा. त्यात फक्त १३ प्रथिनांची कृती लिहिलेली आहे असं बरीच वर्षं शिकवलं जायचं. पण २००१ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी त्याच डीएनएतून येणारं ह्युमॅनिन नावाचं छोटं पेप्टाइड शोधलं. २०१५ मध्ये सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या चांगहान ली आणि पिंचास कोहेन यांच्या गटाने मॉट्स-सी दाखवलं: जेमतेम १६ अमिनो आम्लांची साखळी. ती पेशीतलं फोलेटचं चक्र अडवते, त्यामुळे आयकार नावाचं रसायन साठतं आणि एएमपीके जागं होतं. एएमपीके म्हणजे पेशीची 'इंधन संपत आलंय' सांगणारी घंटा. संशोधन अस्सल आहे, आणि फार सुंदर आहे.

'वयानुसार घटतं' हे रक्तापुरतं बरोबर. पण निरोगी पुरुषांच्या मांडीच्या स्नायूचे तुकडे तपासले तेव्हा वयस्कांमध्ये ते तरुणांपेक्षा जास्त सापडलं. स्नायूत वाढलेलं असताना 'कमी पडलंय, बाहेरून भरा' हा हिशेब जुळत नाही.

व्यायामाबद्दल तर मेसेजने गाडी उलटी जुंपली आहे. २०२१ च्या अभ्यासात १० तरुणांना व्यायामाची सायकल चालवायला दिली. त्यांच्या स्नायूतलं मॉट्स-सी सुमारे १२ पट वाढलं, रक्तातलं साधारण दीडपट. टोचलं कुणालाच नव्हतं, पायडल मारूनच वाढलं. टोचलं ते उंदरांना. म्हातारे उंदीर जास्त पळाले हे खरं, पण त्यांचा डोस किलोमागे १५ मिलिग्रॅम होता. उंदराचा डोस माणसासाठी मोजताना ढोबळमानाने १२.३ ने भागतात. म्हणजे ७० किलोच्या माणसाला एका वेळी सुमारे ८५ मिलिग्रॅम. मेसेजमधले ५ कुठून आले, याला आधार नाही. (८५ घ्या असंही यातून निघत नाही, तो आकडा माणसांवर तपासलेलाच नाही.)

माणसांवर तपासलं गेलं ते याच पेप्टाइडचं बदललेलं रूप, लिव्हरमध्ये चरबी असलेल्या मोजक्या लठ्ठ रुग्णांवर, ४ आठवडे. लिव्हरचे एन्झाइम उतरले, पण चरबीत खोट्या औषधाच्या गटापेक्षा ठोस फरक दिसला नाही. टोचल्या जागी त्रास मात्र अनेकांना झाला. एवढ्यावर कुणाची मेटफॉर्मिन (शुगरची नेहमीची गोळी) बंद करणं धोक्याचं आहे.

'नैसर्गिक' म्हणाल, तर इन्सुलिनही शरीरातलंच आहे. डोस चुकला की काय होतं, हे शुगरचा पेशंट असलेल्या प्रत्येक घराला माहीत आहे.

आता बाटलीकडे बघा. लेबलवर बहुधा 'संशोधनासाठी, मानवी वापरासाठी नाही' असं छापलेलं असतं. '९९ टक्के शुद्ध' हा आकडा पेप्टाइडच्या साखळीपुरता. जंतूंचं विष आहे का, पावडर निर्जंतुक आहे का, हे त्यात येत नाही. लेबलवर १० मिलिग्रॅम लिहिलं असेल, तर त्यात ट्रायफ्लुरोअॅसिटेट (पेप्टाइड बनवताना मागे राहणारा क्षार) आणि ओलही मोजलेली असू शकते. या साखळीला ५ जागी क्षार चिकटू शकतो, आणि तसा चिकटला तर पावडरीचा जवळपास पाचवा हिस्सा त्याचाच. शिवाय साखळीत मेथिओनिन हे अमिनो आम्ल दोनदा आणि ट्रिप्टोफॅन हे एकदा आहे. दोन्ही हवेने ऑक्सिडाइझ होतात. एप्रिलमध्ये सांगलीच्या उन्हात दोन दिवस कुरिअरच्या गाडीत राहिलेल्या बाटलीत शिल्लक काय, हे डोळ्यांनी कळत नाही.

सगळ्यात मोठी चूक सिरिंजची. परदेशी व्हिडिओत '२० युनिट' म्हणतात ते १०० युनिटच्या सिरिंजवरचे, म्हणजे ०.२ मिली. आपल्याकडे मेडिकलमध्ये लाल टोपणाची ४० युनिटची सिरिंजही मिळते. तिच्यावर २० युनिट म्हणजे ०.५ मिली. रेघ तीच, औषध अडीचपट.

मैदानात उतरणाऱ्यांसाठी एकच गोष्ट: वाडाच्या (खेळातल्या उत्तेजकांवर नजर ठेवणाऱ्या जागतिक संस्थेच्या) बंदी यादीत मॉट्स-सीचं नाव आहे. तालमीतल्या पोराला 'हे सप्लिमेंट आहे' सांगून कुणी देत असेल, तर वस्तादांनी तिथेच थांबवावं.

ज्यांनी गोळ्या सोडून हे सुरू केलंय, त्यांनी उद्याच सकाळी उपाशीपोटी शुगर तपासा आणि आपल्या डॉक्टरांना भेटा. जाताना बाटली सोबत न्या, बॅच नंबर दाखवा, आणि कोणत्या टोपणाच्या सिरिंजने किती रेघा घेतल्या तेही सांगा.