रोज दहा अवघड शब्द? जरा थांबा की

आमच्या निपाणीकडच्या ग्रुपवर एक मेसेज महिनाभर फिरतोय. रोज १० अवघड इंग्रजी शब्द अर्थासकट पाठ करा, वर्षाला ३६५० होतात, मराठी मीडियमचं पोरगंसुद्धा इंटरव्ह्यूत छाप पाडतंय. लोक अंगठा दाखवून पुढं ढकलतात.

गणित बरोबर आहे, डोकं तसं चालत नाही. एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसानं निरर्थक अक्षरं पाठ करून स्वतःवरच प्रयोग केले, १८८५ ला छापले, तासाभरातच निम्म्याहून जास्त गळालेलं. शब्दाला अर्थ असतो हे कबूल, पण वाक्य न बघता घोकणाऱ्याला तो तसलाच की. उजळणीनं टिकतं, पण रोज नवे १० आणि मागचे शेकडो, मग बाकीचा अभ्यास कधी करायचा?

दुसरं, समोर मराठी अर्थ लिहिला की झालं म्हणे. घोळ इथंच आहे. भाच्याच्या यादीत 'नॉइसम म्हणजे त्रासदायक' असं होतं, पोरानं निबंधात लिहिलं, गणपतीतला डॉल्बी फार नॉइसम असतो. बाईंनी लाल गोल मारला. ह्याला वाटलं नॉइजवरनंच आला असणार, पण नॉइजशी त्याचा काडीचा संबंध नाही, तो 'अनॉय'च्या घरातला, आणि वापरतात बहुतेक घाण वासासाठी. म्हणजे डॉल्बीला वास मारायला लागला! (मासळीबाजारावर लिहिलं असतं तर मार्क मिळाले असते.)

आपण सीमाभागातली माणसं कन्नड कसं शिकलो ते आठवा की. पंगतीत वाढपी भाताची पळी घेऊन आला, शेजारच्या अण्णांनी पानावर आडवा हात धरला आणि 'साकु, साकु' म्हणाले. पुरे म्हणजे साकु, झालं, जन्मात विसरणार नाही. यादी कुणी दिली होती?

इंटरव्ह्यूचं तर सोडाच, साधं वाक्य अडखळत बोलणाऱ्यानं मधेच जाडजूड शब्द टाकला की तो शर्टाला वेगळ्या रंगाचं बटण लावल्यासारखा दिसतोय.

भाच्याला आता यादी बंद करून इंग्रजी पेपरातलं क्रिकेटचं पान लावलंय. परवा एका बॅट्समनच्या खेळीला 'डॉगेड' म्हटलेलं, दोन तास उभा राहून ३१ रन. पोरगं थोडा वेळ गप्प बसलं आणि म्हणालं, "मामा, म्हणजे चिवट न्हवं?"