ज्वारीची भाकरी ‘एखाद्या वेळी चालेल’ म्हणे!

आज दुपारी आमच्या कॉलनीच्या सभागृहात महिलांसाठी वजन कमी करण्याविषयीचे एक शिबिर झाले. तिथून परतल्यापासून माझे डोके इतके तापले आहे की हे लिहून काढल्याशिवाय झोप लागणार नाही. बाहेरगावाहून आलेल्या आहारतज्ज्ञ ताईंनी प्रत्येकीच्या हातात एक छापील तक्ता दिला. तक्ता व्हीगन आहाराचा होता, म्हणजे दूध, दही, ताक, तूप, पनीर, मध, अंडी, मांस यांपैकी काहीही नाही, आणि दिवसाला सरसकट १२०० कॅलरी. सकाळी बदामाचे दूध आणि चिया, दुपारी किनोआ, संध्याकाळी ॲव्होकॅडो, रात्री टोफू आणि झुकिनी. मागच्या रांगेतल्या एका काकूंनी संकोचून विचारले, “मॅडम, ज्वारीची भाकरी चालेल का?” त्यावर ताई हसून म्हणाल्या, “एखाद्या वेळी चालेल.”

एखाद्या वेळी! लातुरात येऊन, जिच्यावर आमच्या पिढ्या वाढल्या त्या भाकरीला सणासुदीच्या श्रीखंडासारखी सवलत देऊन ताई मोकळ्या झाल्या, आणि समोर बसलेल्या बायकांनी ते वहीत लिहूनही घेतले. राग मला त्या लिहून घेण्याचा जास्त आला.

आधीच सांगते, मी या आहाराच्या विरोधात नाही. गेल्या पावसाळ्यापासून मी स्वतः दूधदुभते सोडले आहे आणि स्वयंपाकघरातल्या छोट्या वजनकाट्यावर मोजून जेवते. वजन उतरते आहे, गुडघे कुरकुरत नाहीत, आणि किती किलो उतरले हे मी इथे सांगणार नाही, कारण मग उद्यापासून लोक मला तेवढेच विचारतील. पण हे सगळे मी मोंढ्यातल्या किराणा दुकानातून आणि भाजीमंडईतून केलेले आहे. किनोआ मी अद्याप हातात धरून पाहिलेला नाही.

हे करताना जो त्रास झाला तो वेगळाच होता. येळवशीला आम्ही औसा तालुक्यातल्या आमच्या शेतावर गेलो होतो. लातूर-धाराशिवकडच्या मित्रांना येळवस समजावून सांगायला नको. इतरांसाठी एवढेच, की मार्गशीर्ष अमावास्येला आमच्याकडे लोक घरांना कुलपे लावून शेतात जातात, कडब्याच्या पेंढ्यांची कोप, म्हणजे छोटी खोपी, करून पूजा होते आणि मग भज्जी, उंडे, खीर, आंबील असे जेवण दिवसभर चालते. मी भज्जी आणि बाजरीची भाकरी घेतली, आंबील घेतली नाही, कारण तिच्यात ताक असते. एवढ्यावरून पंगतीत सन्नाटा पसरला. माझे चुलत सासरे, ज्यांना आम्ही सगळे आबा म्हणतो, घास हातात धरून म्हणाले, “का गं सूनबाई, आमच्या म्हशीचं ताक चालंना का तुला?” दुसऱ्या एका नातेवाइकांनी “पुण्याचं खूळ आहे” असा निकालही देऊन टाकला. मी पुण्यात आयुष्यात कधी राहिलेले नाही.

त्या ताटाकडे जरा नीट पाहा. भज्जी म्हणजे तुरीचे, हरभऱ्याचे, वाटाण्याचे ओले दाणे, शेंगदाणे, हिरव्या पालेभाज्या, चिंच आणि बेसन. सोबत बाजरीची भाकरी. यात दुधाचा थेंब नाही. आपल्या मराठवाड्यातल्या मजुराच्या फडक्यात वर्षानुवर्षे काय बांधलेले असायचे? भाकरी, कांदा, शेंगदाण्याची नाहीतर जवसाची चटणी, कधी हुलग्याचे माडगे, कधी अंबाडीची भाजी. दूध घरात असले तरी ते विकायला जायचे, आणि तूप बाळंतिणीच्या वाट्याला यायचे. १९४४ साली इंग्लंडमध्ये डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या सोबत्यांनी व्हीगन सोसायटी काढली ती प्राण्यांचे शोषण नको म्हणून. आमच्याकडे तेच ताट गरिबीने वाढले होते. या दोन गोष्टी एक नाहीत, हे मला कळते, आणि दारिद्र्याचे गोडवे गाण्याची मला हौसही नाही. माझे म्हणणे एवढेच, की हे ताट आपल्या ओळखीचे आहे, आणि ते आपल्यालाच परक्या नावाच्या महागड्या पाकिटांत घालून विकले जाते तेव्हा निदान आपण मान तरी डोलावू नये.

टोफूचेच घ्या. टोफू म्हणजे सोयाबीनच्या दुधाचे पनीर. सोयाबीनची एवढी मोठी बाजारपेठ लातुरात आहे, २०२४-२५ च्या हंगामात हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता, आणि तोही पदरात पडत नाही म्हणून शेतकरी मेटाकुटीला आले होते. म्हणजे किलोला पन्नास रुपयेसुद्धा नाहीत. तेच सोयाबीन बाहेर जाऊन पांढऱ्या वडीच्या रूपात थंड पेटीतून परत येते आणि आपण ते आरोग्य म्हणून विकत घेतो! घरी करायला काही अवघड नाही. सोयाबीन रात्रभर भिजवावे, चोळून साले काढावीत, गरम पाण्यात वाटावे म्हणजे उग्र वास कमी होतो, गाळून ते दूध चांगले खळखळून उकळावे, कारण कच्चे सोयाबीन पचत नाही, आणि लिंबू पिळून फाडावे. वाटीभर सोयाबीनमध्ये जेवढे प्रथिन असते तेवढे बदामाच्या दुधाचे अख्खे पाकीट पिऊनही मिळणार नाही, कारण त्या दुधात बदाम नावापुरता आणि बाकी पाणी असते. तक्त्यात मात्र सकाळची सुरुवात त्याच पाण्याने होती.

आता खऱ्या मुद्द्याकडे येते, तो म्हणजे तेल. दूध सोडले की माणूस बारीक होतो, अशी एक समजूत शिबिरातून घेऊन बायका घरी गेल्या. शेव व्हीगन असते. भजी, चिवडा, तळलेली पुरी, साखरेचा पाक, सगळे व्हीगन असते. हे पोटभर खाऊन कोणीही व्हीगन राहून वजन वाढवू शकते. येळवशीच्या त्याच पंगतीत मी ताक नाकारले तेव्हा सगळ्यांनी माना वळवल्या, पण माझ्या जाऊबाई प्रत्येकाच्या भज्जीवर किटलीतून कच्च्या तेलाची धार सोडत फिरत होत्या, तिकडे कोणाचेच लक्ष नव्हते. ती एक धार म्हणजे सहज दोन मोठे चमचे, म्हणजे २४० कॅलरी. आंबिलीच्या वाटीत तेवढ्या नसतात. मी तेलालाही नको म्हटले तेव्हा जाऊबाई म्हणाल्या, “घ्या की वहिनी, आता काय तेलाला कमी हाय व्हय?”

हिशेब करून पाहा. घरात तिघे जण आणि महिन्याला तेलाचा पाच लिटरचा कॅन, हे आपल्याकडे कोणाला जास्त वाटत नाही. पाच लिटर तेलाचे वजन साधारण ४,६०० ग्रॅम भरते. तीस दिवसांत तिघांना वाटले तर माणशी रोज ५१ ग्रॅम होते, आणि ग्रॅमला नऊ कॅलरी धरल्या तर रोज सुमारे ४६० कॅलरी नुसत्या तेलातून पोटात जातात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने मे २०२४ मध्ये जी आहारविषयक मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत २००० कॅलरींच्या दिवसभराच्या ताटाला २७ ग्रॅम तेल-तूप सांगितले आहे. आपण त्याच्या जवळजवळ दुप्पट ओततो आणि दोष भाकरीला देतो. आणि कृपा करून कोणी “आमचे तेल लाकडी घाण्याचे करडईचे आहे” असे सांगू नका. चवीला ते उत्तमच असते, आमच्याकडेही तेच येते, पण घाणा लाकडी असल्याने तेलातली एकही कॅलरी कमी होत नाही.

मोबाइलमधल्या ॲपलाही आमची भाकरी कळत नाही, हे वेगळे दुखणे. तिथे ‘एक भाकरी’ असा पर्याय असतो, पण कोणाच्या हातची? शहरातली तळहाताएवढी पातळ भाकरी पन्नास ग्रॅम पिठाची असेल, तर आमच्याकडची थापलेली भाकरी शंभराला टेकते. शंभर ग्रॅम ज्वारीच्या पिठात साधारण ३४० कॅलरी धरा, म्हणजे एकाच शब्दात दुपटीचा फरक निघाला. म्हणून मी पीठच मोजते. शेंगदाण्याची चटणीही मोजते, कारण शंभर ग्रॅम दाण्यांत साडेपाचशेच्या आसपास कॅलरी असतात आणि चटणी वाढताना आपला हात फार उदार होतो. मोजण्याचे वेड लागते, काही जणांना त्याचा खरोखरच त्रास होतो आणि त्यांनी या भानगडीत पडू नये, हे मान्य आहे. पण न मोजता “मी तर काहीच खात नाही” म्हणणाऱ्यांचे वेड त्याहून जुने आहे.

आबांवर मी त्या दिवशी चिडले होते, आणि परतीच्या वाटेवर गाडीत बरेच काही बोललेही. आता लिहिता लिहिता वाटते, की त्यांचे दुखणे ताकाचे नव्हतेच. १९७२ च्या दुष्काळात हा माणूस खडी फोडायच्या कामावर होता. सुकडी आणि ती लाल मिलो ज्वारी खाऊन काढलेले दिवस त्यांनी आम्हाला किती वेळा ऐकवले आहेत. त्या माणसाने पुढे म्हशी घेतल्या, घरात ताकाचा डेरा घुमू लागला, आणि येळवशीला वीस माणसांना पोटभर आंबील पाजता येते हे त्यांना आयुष्याचे सार्थक वाटते. तिथे सूनबाई वाटीवर हात धरते. मीच त्यांच्या जागी असते तर मलाही लागले असते. दुधाच्या पैशावर कित्येक घरांचा आठवड्याचा बाजार होतो, हेही खरेच आहे, आणि त्याला माझ्याकडे उत्तर नाही.

पण त्या दिवशी संध्याकाळी, सामान आवरताना, आबांनीच मला जवळ बोलावून “नेमकं करतीस काय तू?” असे विचारले होते. मी कॅलरी, वजनकाटा, पीठ, तेल असे सगळे सांगू लागले. ते रोज सकाळी संकलन केंद्रावर दूध घालतात, तिथे यंत्रावर फॅट काढतात, म्हणजे दुधातली स्निग्धता मोजतात, आणि फॅट जशी लागेल तसा दर मिळतो. थोडे ऐकून घेऊन ते म्हणाले, “म्हंजे तुझी बी फॅट काढलालेत म्हण की!” आणि स्वतःच खो खो हसले. इतक्या नेमकेपणाने आजच्या शिबिरात कोणीही बोलले नाही. शरीरावरची एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७,७०० कॅलरी, रोज पाचशे कमी घेतल्या तर कागदावर आठवड्याला अर्ध्या किलोच्या जवळपास उतरते, हे मी त्यांना सांगितले तेव्हा त्यांनी लगेच महिन्याचा आकडा तोंडी काढला.

पुन्हा संताप येतो तो शेवटच्या गोष्टीने. त्या पानभर तक्त्यात ब-१२ जीवनसत्त्वाचा उल्लेख नव्हता. मी उठून विचारले, तर “नैसर्गिक आहारात सगळे मिळते” असे उत्तर आले. मिळत नाही! वनस्पतींमधून ब-१२ भरवशाने मिळत नाही, आणि दूधही सोडणाऱ्याने ते गोळीच्या किंवा ब-१२ घातलेल्या पदार्थांच्या रूपात घेतलेच पाहिजे. याची कमतरता सावकाश वाढते, हातापायांना मुंग्या येतात, रक्त कमी होते, मज्जातंतूंना इजा होते. व्हीगन आहाराची सगळ्यात कच्ची बाजू हीच आहे, आणि ती लपवून कोणी बदामाचे दूध विकत असेल तर मी त्याला अडाणीपणा म्हणणार नाही, दुसरे काहीतरी म्हणेन. मधुमेहाची औषधे घेणाऱ्या दोन मैत्रिणी आज माझ्या शेजारी बसल्या होत्या. डॉक्टरांना न विचारता एकदम १२०० कॅलरींवर आल्या तर त्यांची साखर कुठे जाईल, याचा विचार तक्ता छापणाऱ्याने केला होता का? साठीच्या बाईला आणि पंचविशीच्या मुलीला एकच आकडा कसा चालेल?

बाकीचे मिळवायला मात्र आपल्याकडे काही कमी नाही. लोहासाठी परभणीच्या कृषी विद्यापीठाने ‘परभणी शक्ती’ नावाचा ज्वारीचा वाण काढला आहे, त्यात लोह आणि जस्त जास्त आहे. कॅल्शियमला पॉलिश न केलेले तीळ, राजगिरा आणि शेवग्याचा पाला आहे. प्रथिनांना तूर, हरभरा, मटकी, सोयाबीन. वरणावर लिंबू पिळावे आणि जेवणाला लागून चहा पिऊ नये, म्हणजे अन्नातले लोह अंगी लागते. चहाच्या बाबतीत माझे घरातले कोणी ऐकत नाही, आणि सोयाबीनच्या दुधाचा चहा मलाही आवडत नाही, म्हणून मी कोरा पिते.

येत्या येळवशीला आबांसाठी आंबील नेहमीसारखी ताकाचीच होईल. मी ज्वारीचे पीठ पाण्यात भिजवून आंबवून, वरून लिंबू पिळून माझी वेगळी करणार आहे, जाऊबाईंनी त्यासाठी छोटे पातेले द्यायचे कबूल केले आहे. आपल्या भाकरीचे, भज्जीचे, उसळींचे, चटण्यांचे कच्च्या मापाचे हिशेब मी एका वहीत लिहून ठेवले आहेत. शिबिराला आलेल्या किंवा न आलेल्या ज्या कोणाला ते हवे असतील त्यांना मी पानांचे फोटो पाठवीन, मात्र आधी वजनकाटा विकत घ्या आणि ब-१२ ची तपासणी करून घ्या, मगच मागा.