आधी काच वर करा!

माझं आणि माकडांचं वैर जुनं आहे. महाबळेश्वरला एका माकडाने माझ्या हातातलं भाजलेलं कणीस ओढून नेलं, तेही एकवेळ जाऊ दे, पण वर झाडावर बसून त्याने ते एक दाणा न सांडता माझ्यापेक्षा नीट खाल्लं आणि आमच्या हिने मला मदत करायची सोडून त्याचा व्हिडिओ काढला. फॅमिली ग्रुपवर तो अजून दर दिवाळीला फिरतो. त्यामुळे पदरचे पैसे खर्चून आफ्रिकेत माकडं बघायला जाणं ही आयडिया माझी असूच शकत नाही. ती मेव्हण्याची. तो किगालीत नोकरीला आहे, आणि "दाजी, रवांडात येऊन गोरिला नाही बघितला तर मग काय बघितलं" हे त्याचं रोज फोनवर चालू. मी परमिटचा भाव विचारला. 1500 डॉलर, माणशी, आणि बघायचं किती तर एक तास. दोघांचे अडीच लाखाच्या वर जातात हो, तेवढ्यात आमच्या गच्चीचं वॉटरप्रूफिंग होऊन वर दोन टाक्या आल्या असत्या. मग तडजोड म्हणून चिंपांझी ठरले. ते त्यामानाने खूपच स्वस्त पडतात आणि ते असतात न्युंग्वेच्या जंगलात, देशाच्या पार नैऋत्य कोपऱ्यात, किगालीहून गाडीने पाचेक तास.

आता तिकडे 2008 पासून प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे, आणि ती आपल्यासारखी बोर्डावरची नाही, खरीखुरी बंदी, विमानतळावरच पिशव्या काढून घेतात. आमच्या घरात तर पिशव्या ठेवायची सुद्धा एक पिशवी आहे. त्यामुळे निघायच्या आदल्या रात्री 2 वाजेपर्यंत ही चिवडा, बाकरवडी, लाडू सगळं स्टीलच्या डब्यांत भरत होती. नुसत्या डब्यांचं वजन माझ्या कपड्यांपेक्षा जास्त भरलं.

जंगलात पहाटे 5 ला पोचायचं होतं. तिथलं घड्याळ आपल्या साडेतीन तास मागे, म्हणजे आपले साडेआठ, म्हणजे लवकर उठायचं टेन्शन नाही असा मी हिशोब केला, तर झालं उलटंच. रोजच्या सवयीने पोट आपल्या सहाला जागं झालं, तेव्हा तिथे रात्रीचे अडीच. बसलो अंधारात चहाची वाट बघत.

न्युंग्वेबद्दल एवढंच सांगतो की आपलं कळसुबाई 1646 मीटरला संपतं आणि हे जंगल जवळपास तिथे सुरू होतं, ते पार 2900 च्या वर जातं. त्यात चढ असा की पुढच्या माणसाच्या बुटाची टाच आपल्या नाकासमोर. चिखल लाल, गुळगुळीत, हात टाकावा त्या झाडाला शेवाळं. आमचा गाईड मात्र मागे न बघता "मुझे, बुहोरो बुहोरो" म्हणत चालला होता. मला वाटलं याला हिंदी येतंय, मी आनंदाने "हां हां, मुझे भी" म्हणालो. नंतर कळलं की मुझे म्हणजे म्हातारबुवा आणि बुहोरो म्हणजे हळूहळू. ही त्यानंतर मला पूर्ण ट्रीपभर मुझे म्हणत होती.

एका वळणावर गाईडने थांबवून मोठ्या कौतुकाने सांगितलं की ही कडा म्हणजे नाईल आणि काँगो यांची पाणलोटाची हद्द. इकडे पडलेला पाऊस नाईलमधून भूमध्य समुद्राला जातो, तिकडे पडलेला काँगोमधून अटलांटिकला. अगदी आपल्या महाबळेश्वरसारखं, कृष्णा बंगालच्या उपसागराला आणि सावित्री अरबी समुद्राला. तेवढ्यात पाऊस आलाच. माझ्या डाव्या कानातलं पाणी इजिप्तला चाललं होतं आणि उजव्या कानातलं काँगोला, पाठीवरच्या सॅकमध्ये चिवड्याचा डबा दर पावलाला खुळखुळत होता. गाईड दोनदा दचकून थांबला. शेवटी हिने डब्यात माझा एकुलता एक कोरडा मोजा कोंबला तेव्हा आवाज बंद झाला.

मग वॉकीटॉकीवर खरखर झाली. ट्रॅकर लोक पहाटेपासून पुढे गेलेले असतात, त्यांना चिंपांझी सापडले होते. सगळ्यांनी मास्क लावले, कारण आपली सर्दी त्यांना महागात पडते. आणि एकदम झाडीतून आवाज चढत चढत गेला, हू हू हू हू करत शेवटी किंकाळीच, अंगावर काटा आला. खोटं कशाला सांगू, त्या क्षणी कणसाचं वैर सुद्धा विसरलो.

सगळे जण मान मोडेस्तोवर वर बघत होते. उंबराच्या जातीचं भलंमोठं झाड, त्यात तीस-चाळीस मीटरवर काळे ठिपके, फळं खातायत, साली खाली टाकतायत. "तो बघा, तो बघा!" हिने बोट दाखवलं. मी बघायला एक पाऊल मागे सरकलो तो थेट मुंग्यांच्या रांगेत.

या मुंग्या आपल्या घरातल्यासारख्या साखरेच्या डब्याभोवती फिरणाऱ्या नव्हेत. यांचं सैन्य चालतं, बोटभर रुंद पट्टा, कडेला मोठ्या डोक्याच्या शिपाई मुंग्या पहाऱ्याला. पँट मोज्यात खोचा असं सकाळीच बजावून सांगितलं होतं, मीही खोचली होती, पण डाव्या पायाचा मोजा ओला झाला म्हणून मी तो काढून टाकला होता आणि बदलायचा कोरडा मोजा कुठे होता तर चिवड्यात. पहिली चावली गुडघ्याखाली. दुसरी कुठे चावली ते इथे लिहीत नाही. ती चिमट्यासारखी धरून बसते, ओढली तर धड हातात येतं आणि डोकं तिथेच राहतं. ओरडायची सोय नाही, कारण सगळे कुजबुजत बोलतायत. मी एका झाडामागे जाऊन पँट गुडघ्यापर्यंत खाली घेऊन एकेक मुंगी वेचत होतो आणि पलीकडून हिचा दबका आवाज येत होता, "अहो, खाली उतरतोय! अहो, पिल्लू आहे पोटाला! अहो, आहात कुठे?"

पँट वर करून आलो तेव्हा गाईड घड्याळ दाखवत होता. तास संपला. माझ्या फोनमध्ये त्या दिवसाचे 3 फोटो आहेत. दोन पानांचे, एक काहीतरी काळं, ते हिच्या मते चिंपांझी आहे आणि मेव्हण्याच्या मते फांदी.

या जंगलात माकडवर्गातले 13 प्रकार आहेत म्हणे. दुसऱ्या दिवशी आम्ही उविंकाच्या झुलत्या पुलावर गेलो, 160 मीटर लांब, खाली झाडांचे शेंडे, तिथून म्हणे कोलोबस जातीची माकडं दिसतात. असतील. मी डोळे मिटले होते.

परत निघालो तर जंगलातून जाणाऱ्या डांबरी रस्त्यावर ड्रायव्हरने गाडी हळू केली. कडेला गवतात ल'होस्टची माकडं, चांगली आठ-दहा. काळं तोंड, गळ्याला पांढरीशुभ्र दाढी, तब्येतीत बसलेली, गाडीपासून हातभर. परमिट नाही, चढ नाही, मास्क नाही, मुंग्या नाहीत. आणि नेमका तेव्हाच माझ्या मांडीवर चिवड्याचा डबा उघडा होता. माझा हात माझ्या आधी हलला. खाडकन काच वर, डबा सीटखाली, त्यावर पाय.

ड्रायव्हरने आरशातून बघितलं. ही माकडं काही घेत नाहीत, तो म्हणाला, काच उघडा, फोटो काढा. मी मान हलवली. ही त्याला म्हणाली, "त्यांना महाबळेश्वरचा अनुभव आहे." त्याला काय कळलं देव जाणे, त्याने मान डोलावली. बाहेर पाऊस, आत तीन माणसांचा श्वास, काचेवर वाफ धरली आणि हेही माकड मला धड दिसलं नाही. चिवडा मात्र पूर्ण वाचला.