‘घरातलं थंड विष’: एका मेसेजला फ्रिजवाल्याचं उत्तर

आमच्या रामबागेतल्या गणपती मंडळाच्या ग्रुपवर तो मेसेज या उन्हाळ्यात तिसऱ्यांदा आला. मथळा ‘घरातलं थंड विष’, खाली सात मुद्दे, तळाशी जोडलेले हात आणि ‘किमान दहा घरांत पाठवा’. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: फ्रिजमधला गॅस झिरपून घरातली माणसं हळूहळू आजारी पडतात. कांद्यावर आणि दाराच्या रबरावर येणारी काळी बुरशी म्हणजेच कोरोनात लोकांचे डोळे घेणारी ती बुरशी. रात्री फ्रिज बंद ठेवला तर बिल निम्मं. कोमट अन्न आत ठेवलं की त्याचं विष होतं, म्हणून पार गार होईपर्यंत बाहेरच ठेवा, सहा तास लागले तरी चालतील. मळलेली कणीक ठेवली की घरात पिशाच्च येतं. बर्फ साठला तर सुरीने खरवडा आणि आत वाटीभर मीठ ठेवा. आणि एवढं वाचून फ्रिज नकोसा झालाच, तर अटालेवाल्याला, म्हणजे भंगारवाल्याला, देऊन मोकळे व्हा.

मी नंदानगरच्या आयटीआयमध्ये रेफ्रिजरेशनचा ट्रेड केला आणि पुढे ३१ वर्षं इंदूरभर लोकांचे फ्रिज उघडले. ग्रुपवर ‘हे खोटं आहे’ एवढंच लिहिलं, तर एका वहिनींनी विचारलं, “भाऊजी, सातही खोटे?” सातही पूर्ण खोटे असते तर दोन ओळींत भागलं असतं.

आधी गॅस. तुमच्या फ्रिजच्या मागे किंवा आत एक पट्टी चिकटवलेली असते. तिच्यावर गॅसचं नाव आणि वजन ग्रॅममध्ये लिहिलेलं असतं. हल्लीच्या बहुतेक घरगुती फ्रिजमध्ये आर-६००ए म्हणजे आयसोब्युटेन असतो, साधारण ४० ते ६० ग्रॅम. तुमच्या ओट्याखालच्या सिलिंडरमध्ये याच घराण्यातला गॅस १४.२ किलो असतो. म्हणजे पावणेतीनशेहून जास्त फ्रिजचा गॅस तुम्ही शेगडीला जोडून शेजारी निवांत पोळ्या लाटता. आयसोब्युटेन विषारी नाही, पण पेट घेतो. आणि ‘हळूहळू’ तर तो काही करूच शकत नाही, कारण गळून गळून तेवढे ५० ग्रॅमच गळणार, आणि ते गेले की फ्रिज गार करायचा थांबला. गळती झाल्याची शंका आली तर खिडक्या उघडा, बटणं दाबू नका आणि मेकॅनिकला बोलवा. बस.

इथे आमच्या धंद्यातली एक गोष्ट कबूल करून टाकतो. ‘गॅस संपला, भरावा लागेल’ हे वाक्य तुम्ही आमच्याच तोंडून ऐकलेलं असतं. गॅस संपत नसतो. तो बंद नळ्यांमधून वर्षानुवर्षं फिरत राहतो. कमी झाला असेल तर कुठेतरी भोक आहे, आणि ते भोक न शोधता जो नुसता गॅस भरून जातो तो सहा महिन्यांनी परत येणार आहे, पैसे घ्यायला.

विषाची ही भीती मात्र हवेतून आलेली नाही. सुरुवातीच्या फ्रिजमध्ये अमोनिया, सल्फर डायऑक्साइड, मिथाइल क्लोराइड असले खरोखरच विषारी वायू भरत. बर्लिनमध्ये अशाच गळतीने एक कुटुंब मेल्याची बातमी वाचून आइनस्टाइन अस्वस्थ झाला, आणि लिओ झिलार्डबरोबर त्याने हलता भागच नसलेला फ्रिज बनवायचं मनावर घेतलं. त्यांना १९३० मध्ये त्याचं अमेरिकन पेटंटही मिळालं. आइनस्टाइन आमच्या ट्रेडमधला होता हे मी शिकाऊ पोरांना नेहमी सांगायचो, अर्धे हसायचे. त्याच सुमारास थॉमस मिजलीने क्लोरोफ्लुरोकार्बन आणले. त्यांना वास नाही, विष नाही, आगही लागत नाही, त्यामुळे सगळ्यांनी सुटकेचा श्वास घेतला. पुढे १९७४ मध्ये मोलिना आणि रोलंड या शास्त्रज्ञांनी दाखवलं की हा सोज्वळ गॅस वर जाऊन ओझोनचा थर खातो. १९८७ मध्ये असले गॅस हटवण्याचा मॉन्ट्रियलचा करार झाला आणि आपल्याकडे २०१० पासून हा गॅस वापरातून गेला. माणसाला घरात त्याने काही केलं नाही, आभाळाला केलं. हे लक्षात ठेवा, सातव्या मुद्द्याला लागणार आहे.

काळी बुरशी. कांद्याच्या सालाखालची काळी भुकटी म्हणजे ॲस्परजिलस नायजर. ती शेतात आणि वखारीतच कांद्यावर बसते. वरचे एक-दोन पापुद्रे काढा, धुवा, कांदा चांगला असेल तर वापरा, आतपर्यंत मऊ पडला असेल तर फेका. २०२१ मध्ये जो आजार पसरला, तो म्युकरमायकोसिस. त्याची बुरशी वेगळ्या कुळातली. तिचे बीजाणू श्वासातून जातात, आणि ती धरते ती प्रामुख्याने वाढलेली साखर किंवा स्टेरॉइडमुळे प्रतिकारशक्ती खचलेल्या माणसाला. भाजीतल्या कांद्यातून ती होत नाही. रबरावरचे डाग म्हणजे सांडलेलं दूध, कोथिंबिरीची काडी आणि ओल यांच्यावर वाढलेली साधी बुरशी. साबणाच्या कोमट पाण्यात फडकं बुडवून खाचांमधून फिरवा आणि कोरडं करा. हात फिरतोच आहे तर एक नोट दारात अडकवून दार लावा आणि ओढा. सहज सुटली तर रबर ढिलं झालंय.

पण डाग शोधत बसलेल्या या घरांमध्ये मी फ्रिज पुढे ओढायचो तेव्हा खरा प्रकार दिसायचा. कॉम्प्रेसरच्या वर एक ट्रे असतो, आतलं वितळलेलं पाणी त्यात उतरतं. दहा वर्षांत त्याला हात न लावलेली घरं मी पाहिली आहेत. कॉम्प्रेसरच्या उबेने एरवी पाणी उडून जातं, पण पावसाळ्यात ते साचून राहतं आणि त्यात डासांच्या अळ्या वळवळतात. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो. आठवड्यातून एकदा तो ट्रे रिकामा करून पुसा. मेसेजमध्ये याचा शब्द नाही.

बिलाचा हिशेब तर दुसरीतलं पोर करेल. माझ्या १९० लिटरच्या फ्रिजवरच्या स्टारच्या चिठ्ठीवर वर्षाला १५० युनिट लिहिलंय. महिन्याला साडेबारा. उन्हाळ्यात तो थोडं जास्त खाईल, पंधरा धरा. मे महिन्यात माझे एकूण २८० युनिट आले. फ्रिज महिनाभर माळ्यावर टाकला असता तरी पंधराच वाचले असते, मग रात्रीचे सहा तास बंद ठेवून १४० कुठून वाचणार? त्यात रात्री दार उघडत नाही आणि माळव्यातली रात्र त्यातल्या त्यात गार, म्हणजे कॉम्प्रेसर तसाही कमीच चालतो. बंद ठेवलेल्या वेळात आत जी ऊब शिरते ती सकाळी परत उपसावी लागते. दूध मात्र नासतं. वाचवायचंच असेल तर फ्रिज शेगडीपासून आणि पश्चिमेच्या उन्हापासून हलवा आणि भिंतीपासून वीतभर पुढे घ्या. हल्ली उष्णता बाहेर टाकणारी नळ्यांची जाळी मागे न दिसता बाजूच्या पत्र्यात असते, म्हणून बाजू गरम लागते. त्याला घाबरायचं नाही, तिथे पोती-पिशव्या कोंबायच्या नाहीत. नॉबवरचे आकडे डिग्री नव्हेत. आकडा मोठा तेवढा फ्रिज जास्त गार. महिनाभर गावाला जाणार असाल तर मात्र रिकामा करा, पुसा, बंद करा आणि दाराला फडक्याची पाचर देऊन किंचित उघडं ठेवा.

आता चौथा मुद्दा. सातांतला हाच मला सगळ्यात घातक वाटतो, कारण तो आजीच्या शहाणपणासारखा ऐकू येतो. उकळतं पातेलं तसंच आत ढकलू नये, हे बरोबर. वाफेने आतलं दूध-दही गरम होतं, बर्फ साठतो, कॉम्प्रेसर ऊर फुटेस्तोवर पळतो. पण त्यावर उपाय म्हणून मसालेभात सहा तास ओट्यावर? मे महिन्यात इंदूरचं स्वयंपाकघर भर दुपारी ४० च्या आसपास असतं. जंतूंना लागते तीच ऊब. ५ ते ६० डिग्रीच्या मधली हवा त्यांची, आणि मनाजोगती ऊब मिळाली तर त्यांतले काही अर्ध्या तासाच्या आत दुप्पट होतात. भाताची तर वेगळीच खोड आहे. बॅसिलस सेरियस नावाच्या जंतूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत. भात कोमट राहिला की ते उगवतात आणि त्यांचं उलटी करवणारं विष पुन्हा फोडणी दिली, कितीही परतलं, तरी जात नाही. ‘नीट गरम करून खाल्लं होतं हो’ असं सांगणारी आजारी घरं याच वर्गातली.

नियम सोपा आहे: शिजवल्यापासून दोन तासांत अन्न आत गेलं पाहिजे, आणि खोली ३२ डिग्रीच्या वर असेल तर एका तासात. तासाभरात गार कसं करायचं? पातेल्यातून परातीत काढा, थर पातळ ठेवा आणि पंख्याखाली धरा. वरण-आमटीचं भांडं गार पाण्याच्या घमेल्यात ठेवून ढवळा. कोमट झालं की झाकून आत. थोडी ऊब फ्रिजला सोसते, ती उपसायलाच तो आहे. आत ५ डिग्रीच्या खाली आणि फ्रीजरमध्ये उणे १८ हवं. पाण्याच्या पेल्यात साधा थर्मामीटर रात्रभर मधल्या कप्प्यात ठेवला की सकाळी फ्रिजची लायकी कळते. लाइट गेली तर दार उघडून ‘गार आहे का’ बघायचं नाही. बंद दारात साधारण चार तास निभतात.

कणकेच्या पिशाच्चाबद्दल एवढंच: ३१ वर्षांत मला एकाही फ्रिजमध्ये ते भेटलं नाही, झुरळं पुष्कळ भेटली. कणीक काळपट पडते ती गव्हातल्या द्रव्यांचा हवेशी संबंध आल्यामुळे. वरून तेलाचा हात लावा, झाकणाच्या डब्यात ठेवा, दुसऱ्या दिवशी संपवा.

सुरी. या एका शब्दावर माझ्या मुलांची शिक्षणं झाली, असं म्हटलं तरी चालेल. साध्या एकदारी फ्रिजच्या फ्रीजरची भिंत म्हणजे ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा, आणि गॅसची वाट त्या पत्र्याच्या आतूनच जाते. “भिया, ज़रा-सी नोक लगी थी, फुस्स की आवाज़ आई,” हा फोन मला दर उन्हाळ्यात यायचा, बहुधा आमरसाच्या दिवसांत. फुस्स झालं की संपलं. तो पत्रा टिकाऊ दुरुस्त होणं कठीण, बदलायला गेलं तर जुन्या फ्रिजच्या किमतीत. नॉबच्या मध्यावर डीफ्रॉस्टचं बटण असतं, ते दाबा. नसेल तर बंद करून दार उघडं टाका आणि खाली फडकी पसरा. घाई असेल तर गरम पाण्याची वाटी आत ठेवा. बर्फ बोटाच्या पेरापर्यंत वाढायची वाट बघू नका, अर्धा सेंटीमीटर झाला की काढा. मिठाची वाटी ओल अडवत नाही, सांडली तर पत्रा मात्र खाते. बर्फ होतो तो दारातून आलेल्या दमट हवेचा. वर सांगितलेली नोट आठवा.

आणि सातवा. मेसेजवाला फ्रिज घरात असेपर्यंत थरथरतो आणि घराबाहेर पडताच निर्धास्त होतो. माझ्या अनुभवात उलट आहे. अटालेवाल्याला हवा असतो कॉम्प्रेसर आणि तांबं. तो छिन्नीने नळी तोडतो, उरलेला गॅस हवेत, तेल मातीत. जुना, आर-१२ म्हणजे त्याच क्लोरोफ्लुरोकार्बनवाला फ्रिज असेल तर त्यातला १०० ग्रॅम गॅस साधारण एक टन कार्बन डायऑक्साइडएवढी उष्णता धरून ठेवतो. तशा जुन्या फ्रिजच्या भिंतींतला फोमही असल्याच गॅसने फुगवलेला असायचा, आणि पत्रा मोकळा करायला तो फोम जाळला जातो. नव्या फ्रिजची नळी बिडी ओढत तोडली तर काय होईल हे सांगायला नको. ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, आणि जुन्या मालाचं पुनर्चक्रण नोंदणीकृत ठिकाणी करवून घेण्याची जबाबदारी त्यांत उत्पादकावर आहे. म्हणून नवा घेताना एक्सचेंजमध्ये द्या आणि पुढे कुठे जातो ते विचारा, किंवा कंपनीच्या कस्टमर केअरला ई-कचरा उचलण्याबद्दल फोन करा. द्यायचा तो गॅसच्या नळ्यांना हात न लावता आणि उभा. कचरा सहा प्रकारांत वेगळा करणारं शहर आपलं. गाडीच्या ई-कचऱ्याच्या कप्प्यात आपण बिघडलेला चार्जर शिस्तीत टाकतो आणि फ्रिज मात्र छिन्नीखाली देतो.

त्याहून महत्त्वाचं दार. फ्रिजचं दार हवा आत जाऊ नये म्हणूनच बनवलेलं असतं. लपाछपीत आत बसलेलं पोर आतून ते उघडू शकेलच असं नाही, आणि हाक बाहेर पोचत नाही. अमेरिकेत खटक्याच्या दारांमागे इतकी मुलं गेली की १९५६ मध्ये आतून उघडणाऱ्या दाराचा कायदाच करावा लागला. आपल्याकडचे जुने खटक्याचे, कुलपाचे फ्रिज अजून जिन्यांखाली उभे आहेत. फ्रिज वापरातून गेला त्याच दिवशी दार काढा आणि कप्प्यांच्या जाळ्या आतच राहू द्या, म्हणजे पोराला शिरायला जागाच उरत नाही.

मागच्या महिन्यात आमच्याच गल्लीतल्या एका वाड्यात गेलो होतो. जिन्याखाली जुना फ्रिज, आत सगळ्या जाळ्या काढून घड्या घातलेल्या गोधड्या, बाहेर सुट्टीला आलेली चार नातवंडं. मी पिशवीतून पेचकस काढला आणि बिजागरीचे स्क्रू सोडवले. आजी जपमाळ थांबवून बघत होत्या.

“दार काढलंस होय रे? आता माझ्या गोधड्यांवर धूळ बसेल.”

“बसू दे, आजी,” म्हटलं, आणि दार खांद्यावर घेऊन निघालो.