इतिहासात खोटं कमी, चुकलेलं माप जास्त

नेपोलियन बुटका होता. कोलंबसाच्या काळी लोक पृथ्वी सपाट समजत. पूर्वी माणसं पस्तिशीत मरायची. चीनची भिंत चंद्रावरून दिसते. ही चार वाक्यं कुठल्याही व्हॉट्सॲप ग्रुपवर टाका, कुणी हूं की चूं करणार नाही. चारही चूक आहेत. आणि अशी चूक दाखवली की लगेच ‘कुणीतरी मुद्दाम इतिहास बदलला’ असं म्हणायची आपल्याला फार घाई असते. बऱ्याचदा मात्र कुणी खोटं बोललेलंच नसतं. फूटपट्टी, कॅलेंडर नाहीतर सरासरी यांपैकी एकाने दगा दिलेला असतो.

आधी नेपोलियन. ५ मे १८२१ ला तो गेला, दुसऱ्या दिवशी शवविच्छेदन झालं आणि उंची नोंदवली गेली: ५ फूट २ इंच आणि वर थोडे दोरे (इंचाचे बारीक भाग). हे फ्रेंच फूट आहेत. जुना फ्रेंच फूट ३२.४८ सेंटिमीटरचा, इंग्रजी फूट ३०.४८ चा. एका फुटामागे दोन सेंटिमीटरचा फरक. आता हिशेब करा. फ्रेंच मापाने उंची येते साधारण १६८ ते १६९ सेंटिमीटर, म्हणजे इंग्रजी ५ फूट ६ इंचांच्या थोडी वर. तोच आकडा इंग्रजी समजून वाचला की माणूस १५७ सेंटिमीटरवर येतो. कागदावरच्या कागदावर अकरा सेंटिमीटर कापले गेले! त्या काळच्या फ्रेंच शिपायाच्या सरासरीपेक्षा तो किंचित उंचच भरतो. जेम्स गिलरेच्या व्यंगचित्रांनी त्याला चिमुकला करून ठेवलं होतंच, शिवाय भोवती निवडक उंच गार्ड आणि त्यांच्या डोक्यावर अस्वलाच्या कातड्याच्या उंच टोप्या. पण व्यंगचित्राला ‘पुरावा’ मिळाला तो या आकड्यामुळे.

काही ठिकाणी त्याची उंची १७० च्या पुढे दिलेली दिसते. तिथेही मोजपट्टीच आडवी येते. १८१२ मध्ये फ्रान्सने मीटर आणि जुनी मापं यांची सांगड घालून नवा फूट काढला, बरोबर एक तृतीयांश मीटरचा. त्याने मोजलं तर १७२ येतात. म्हणजे एकाच देशात, एकाच माणसाच्या हयातीत, ‘फूट’ या शब्दाचे दोन अर्थ.

कोलंबसाचं प्रकरण याहून मजेशीर आहे. पृथ्वी गोल आहे हे युरोपातल्या शिकलेल्या माणसाला त्याच्या आधी दीड-दोन हजार वर्षं ठाऊक होतं. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात एराटोस्थेनिस या ग्रीक पंडिताने तिचा परीघसुद्धा मोजून ठेवला होता. पश्चिमेकडून समुद्रमार्गे आशिया गाठायच्या कोलंबसाच्या बेतावर स्पेनमधल्या पंडितांचा आक्षेप होता, पण तो आकाराला नव्हता, अंतराला होता. आणि आक्षेप त्यांचा बरोबर होता. कोलंबसाने नवव्या शतकातल्या अल-फरगानी या खगोलशास्त्रज्ञाचा आकडा उचलला: पृथ्वीच्या परिघाच्या एका अंशाला (३६० व्या भागाला) ५६ पूर्णांक दोन तृतीयांश मैल. हे अरबी मैल. कोलंबसाने ते आपल्याकडचे, बरेच आखूड, इटालियन मैल धरले. झालं, पृथ्वी जवळजवळ पाव हिश्शाने आक्रसली. त्यात आशिया खंड त्याने पूर्वेकडे मनसोक्त ताणला. कॅनरी बेटांपासून जपान त्याच्या हिशेबात सुमारे ४,४०० किलोमीटर आलं. प्रत्यक्षात ते १९,००० च्या वर आहे. तेवढं पाणी आणि धान्य त्या जहाजांवर मावणं शक्यच नव्हतं. मध्ये अमेरिका आडवी आली म्हणून गडी वाचला.

मग सपाट पृथ्वीची गोष्ट आली कुठून? ती लोकप्रिय झाली अमेरिकन लेखक वॉशिंग्टन अर्व्हिंगने १८२८ मध्ये लिहिलेल्या कोलंबसाच्या रंगवलेल्या चरित्रामुळे. एकटा शहाणा आणि समोर मूर्ख धर्मगुरू, ही मांडणी वाचायला गोड लागते. खरी मांडणी उलटी आहे: पंडितांचं गणित बरोबर, धाडस करणाऱ्याचं चूक.

कॅलेंडरची फसवणूक आणखी सोपी. ‘ज्या वर्षी गॅलिलिओ गेला त्याच वर्षी न्यूटन जन्मला’ हे वाक्य चांगल्या चांगल्या पुस्तकांत आहे. गॅलिलिओ गेला ८ जानेवारी १६४२ ला, इटलीतल्या ग्रेगरियन कॅलेंडरप्रमाणे. न्यूटन जन्मला २५ डिसेंबर १६४२ ला, इंग्लंडमधल्या जुन्या ज्युलियन कॅलेंडरप्रमाणे. दोघांत तेव्हा दहा दिवसांचं अंतर होतं आणि इंग्लंडने १७५२ पर्यंत कॅलेंडर बदललंच नाही. दोन्ही तारखा एकाच कॅलेंडरवर आणल्या की न्यूटनचा जन्म ४ जानेवारी १६४३. योगायोग गेला! ग्रेगरियन कॅलेंडर आलं १५८२ मध्ये; त्यानंतरच्या दोन देशांतल्या तारखा जुळवताना हे आधी तपासायचं. रशियातली ‘ऑक्टोबर’ क्रांती बाकी जगात ७ नोव्हेंबरला झाली, तीही याच कारणाने.

आता आयुर्मान. इथे आकडा खरा असतो, अर्थ चुकतो. समजा दहा मुलं जन्मली. तीन वर्षभरात गेली (प्रत्येकी एक वर्ष धरू), एक पाचव्या वर्षी, एक पंचविसाव्या, उरलेली पाच पासष्टीपर्यंत जगली. बेरीज ३५८, सरासरी ३५.८. या दहांपैकी पस्तिशीत एकही मेलेला नाही. जन्मावेळचं सरासरी आयुर्मान म्हणजे हे. म्हणून तर स्पार्टात वृद्धांच्या सभेसाठी साठीची अट होती आणि अथेन्सच्या नागरिकावर एकोणसाठीपर्यंत लष्करी सेवेचं बंधन होतं. पस्तिशीत सगळे म्हातारे होऊन मरत असते तर या नियमांना काय अर्थ? पण खुलासा करणारेही इथे घसरतात. ‘म्हणजे मोठी माणसं आजच्याइतकीच जगत होती’, हेही बरोबर नाही. साथी, दुष्काळ, बाळंतपण, साधी जखम चिघळणं यांत तरणीताठी माणसं आजच्यापेक्षा कितीतरी जास्त जात.

चीनच्या भिंतीला एक भागाकार पुरतो. चांगल्या नजरेला साधारण ३,४०० मीटरवरची एक मीटरची वस्तू सुटी ओळखू येते. म्हणून चंद्राचं अंतर, ३,८४,४०० किलोमीटर, ३,४०० ने भागा: ११३ किलोमीटर. चंद्रावरून ओळखू यायला वस्तू निदान एवढी मोठी हवी. भिंत रुंदीला फार तर आठ-नऊ मीटर. चारशे किलोमीटर उंचीवरूनही ही मर्यादा शंभर मीटरच्या पुढे जाते. लांब रेषा त्याहून बारीक असली तरी जाणवू शकते, कबूल, पण त्यासाठी रंगात फरक हवा, आणि भिंत आजूबाजूच्याच माती-दगडांची आहे. २००३ मध्ये चीनचा अंतराळवीर यांग लिवेई अवकाशात जाऊन आला आणि दिसली नाही म्हणाला. चंद्रावरून ती दिसत असावी असं विल्यम स्टुकली हा इंग्लिश पुराणवस्तू-अभ्यासक १७५४ मध्येच लिहून बसला होता, तेव्हा गरम हवेच्या फुग्यातूनसुद्धा माणूस उडाला नव्हता.

प्रसिद्ध उद्गारांना मात्र मोजपट्टी चालत नाही. तिथे दोनच प्रश्न: तारीख कोणती, आणि त्या दिवशी हा माणूस होता कुठे? ‘भाकरी नसेल तर केक खा’ हे फ्रान्सची राणी मेरी आंत्वानेतच्या तोंडी घालतात. फ्रेंच विचारवंत रूसोने हे एका अनाम राजकन्येच्या नावावर लिहिलं ते १७६० च्या दशकात. मेरी १७५५ ची, फ्रान्समध्ये आली १७७० ला. मूळ शब्दही केक नाही, ब्रियोश, म्हणजे लोणी-अंडं घातलेला पाव.

आणि मेकॉलेचं ते सगळीकडे फिरणारं ‘ब्रिटिश पार्लमेंटमधलं भाषण’: भारतभर हिंडलो, एकही भिकारी, एकही चोर दिसला नाही वगैरे. खाली तारीख असते २ फेब्रुवारी १८३५. त्या दिवशी मेकॉले लंडनमध्ये नव्हताच, कलकत्त्यात होता, गव्हर्नर जनरलच्या कौन्सिलात. त्या तारखेचं त्याचं शिक्षणावरचं टिपण उपलब्ध आहे आणि त्यात आपली स्तुती औषधालाही नाही. चांगल्या युरोपीय ग्रंथालयातला एक कप्पा भारत आणि अरबस्तानच्या सगळ्या साहित्याच्या तोडीचा आहे, हे नाकारणारा एकही प्राच्यविद्यापंडित मला भेटला नाही, असं त्याने त्यात लिहून ठेवलं आहे.