आईला गूळ चालतो म्हणे!

"मधुमेह २१ दिवसात मुळासकट" वाला मेसेज आमच्या फॅमिली ग्रुपवर परत फिरून आला आणि यावेळी काकांनी खाली "वहिनींना दाखव" (म्हणजे माझ्या मधुमेही आईला) असं लिहिलं, म्हणून टायपायला बसलेय. मेसेजचं म्हणणं असं की साखरेऐवजी गूळ खा, मेथी-कारल्याचं पाणी घ्या नि गोळ्या बंद करा, इन्सुलिनची सवय लागते, आणि शुगरचे आकडे कंपन्यांनी मुद्दाम खाली आणलेत.

गूळ आधी, कारण आमच्याकडे तेच झालंय. आईने तीन महिने गुळाचा चहा घेतला, वर येताजाता डब्यातला खडा तोंडात, "ही काय साखर आहे का". तीन महिन्यांची सरासरी शुगर (HbA1c टेस्ट) ७.४ टक्क्यांवरून ८.९. अहो उसाचाच रस आटवलेला ना तो, बहुतेक सगळं सुक्रोजच. लोह पाहिजे तर पालेभाजी खा की.

मेथीत फायबर असतं, त्याने शुगर थोडी हळू चढते, हे खरंय, घ्या खुशाल, पण डॉक्टरांच्या कानावर घालून. गोळ्या मात्र मनाने बंद करायच्या नाहीत आणि डोळे झाकून घ्यायच्याही नाहीत. आषाढी एकादशीला आईने ग्लिमेपिराइडची (शुगर खाली आणणारी) गोळी नेहमीसारखी घेतली आणि दिवसभर दोन केळी नि ताक, बस. संध्याकाळी बघते तर ओट्याला धरून उभी, ब्लाउज घामाने चिंब, हातातलं भांडं थरथरतंय, काय विचारलं तर भलतंच उत्तर. ग्लुकोमीटरवर ५८. सत्तरच्या खाली म्हणजे थांबायचं नसतं, तीन चमचे साखर पाण्यात ढवळून पाजली, १५ मिनिटांनी परत बोट टोचलं तेव्हा ९१. वर्षभर जी साखर लपवून ठेवते तीच त्या दिवशी औषध झाली! आता उपवासाच्या आधी डॉक्टरांना फोन करून डोस विचारते.

इन्सुलिनची सवय वगैरे काही नसते हो. शरीरात बनतं तेच बाहेरून द्यायचं. टोरांटोत १९२१ साली सापडलं, जानेवारी १९२२ मध्ये १४ वर्षांच्या मधुमेही मुलाला पहिल्यांदा दिलं, त्याआधी अशी मुलं उपाशी ठेवून ठेवून जायचीच. गरोदरपणात शुगर वाढली म्हणून इन्सुलिन घेणाऱ्या बायकांचं बाळंतपणानंतर बहुतेकदा सुटतं, मग सवय कुठे गेली? आणि टाइप वनच्या (ज्यात शरीरात इन्सुलिन जवळपास बनतच नाही) एखाद्या पोराने हा मेसेज वाचून इंजेक्शन बंद केलं तर एक-दोन दिवसात आयसीयू, हे फॉरवर्ड करणाऱ्याच्या डोक्यातही येत नाही.

आकड्यांचं अर्धं खरंय. उपाशीपोटीची मर्यादा १९९७ साली १४० वरून १२६ केली, पण का, तर डोळ्याच्या पडद्याचं नुकसान त्याच्या आसपासच वाढायला लागतं असं दिसलं म्हणून.

आणि शुगर परत नॉर्मलला येतच नाही असंही मी म्हणत नाही. ब्रिटनमधल्या डायरेक्ट नावाच्या अभ्यासात (२०१७) वर्षभरात ४६ टक्के लोकांची मधुमेहाच्या मर्यादेखाली आली, गोळ्यांशिवाय. पण कशी, तर कडक लो-कॅलरी डाएट, भरपूर वजन घटवून, डॉक्टर-नर्सच्या देखरेखीत, आणि सगळे मधुमेह कळून सहा वर्षंही न झालेले पेशंट. आईला सतरावं वर्ष चालू आहे.

काका, तुम्ही सांगितलंत म्हणून मेसेज दाखवलाय तिला. चष्मा लावून पूर्ण वाचला आणि म्हणाली, "बघ, गूळ चालतो असं लिहिलंय."